भुलीचे नऊ हजार

बांगड्यांकडं काय बघायलात वहिनी मघापासनं? विचारा की. उजव्या हातात नव्या कोऱ्या हिरव्यागार, मनगट भरून, आन् डाव्या हातात त्याच जुन्या दोन — तसंच आहे ते, वेड लागलेलं नाही मला. सांगते. आधी बसा नीट, पाहुण्यागत सोफ्याच्या कडेवर कशाला बसायलात. पत्रिका ठेवा तिथं टीपॉयवर. बघितली मी. चांगली छापलीय — सोनेरी अक्षरं, वर गणपती, नव्या ऑपरेशन थिएटरचं उद्घाटन, सहकुटुंब सहपरिवार यावं — आन् खाली आमच्या ह्यांचा सत्कार. भूलतज्ज्ञ डॉक्टर नंदीश यांचा विशेष सत्कार. विशेष. शाल असेल, नारळ असेल. नाही, ह्यांना उठवणार नाही मी. आत पडलेत. सकाळी लोहाऱ्याला एक केस होती, तिथनं येऊन तुमच्याकडच्या दोन केल्या, आत्ता जेवून पाठ टेकलीय. ह्यांच्याशी काय काम आहे? पत्रिका मी घेतली, झालं की. आन् मला तुमच्याशीच बोलायचं होतं. ऑपरेशनचं काय ते रणधीर भाऊजी आन् हे बघून घेतात, ते दोघं आत. बाहेरचं काउंटर तुम्ही सांभाळता, आन् ह्यांच्या भुलीच्या धंद्यातल्या देवाणघेवाणीचा सगळा पसारा मी सांभाळते. म्हणजे जे काय झालंय ते आपल्या दोघीतलंच आहे. व्हय का नाही?

मग ऐका. परवा मी येरमाळ्याला गेले होते, येडेश्वरीला. दर्शन झालं, खाली उतरले, तिथं हायवेच्या बाजूला बांगड्यांची दुकानं आहेत बघा. एक मावशी बसली होती, म्हणली या बाई, हात द्या. दिला. चांगली बाई हो. हात कसा धरावा हे तिला येतं, बोटं अशी एकत्र दाबली, अंगठा आत मोडला, एक-एक बांगडी सरकवायली आन् बोलायली. बांगड्या भरणाऱ्या बाया बोलतातच, नाही बोलल्या तर गिऱ्हाइकाचं लक्ष हाताकडं जातं आन् दुखतं. कुठनं आलात? म्हणलं धाराशिवहनं. झालं, तिची सून धाराशिवलाच होती म्हणे गेल्या महिन्यात. अपेंडिक्स. कुणाकडं? तर तुमच्याकडं वहिनी. रणधीर डॉक्टरकडं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हणलं आता आपल्या माणसाचं काहीतरी चांगलं ऐकायला मिळंल, आमचे हेच असणार ना त्या केसला, दुसरं कोण आहे तुमच्याकडं.

ती म्हणती — "देवमाणूस हाय त्यो रणधीर डॉक्टर. पेढं नेऊन दिलं म्या. पर त्यो भूलवाला लई हावरा बघा बाई. पाठीत एक सुई टोचली, दुसरं काय केलं न्हाय, आन् नऊ हजार घेतलं." मी म्हणलं, मावशी, नऊ नसतील हो, काहीतरी गफलत असेल. तर माझा हात दाबला तिनं. "गफलत कसली? डॉक्टरीणबाई सोता म्हनल्या काउंटरवर. मावशी, आमचं होतं तेवढं आमी कमी केलं, पर भुलीवाल्यापुढं आमचं काय चालत न्हाय, त्यो ऐकतच न्हाय." असं म्हणलात तुम्ही. तुम्ही, वहिनी. दुसऱ्या कुणी नाही. कानातल्यासकट वर्णन सांगितलं तिनं तुमचं, मोत्याचे झुबे, हेच.

थांबा, मला बोलू द्या. त्या वेळी माझा हात तिच्या हातात होता. अंगठ्याच्या सांध्यावर बांगडी अडकली होती, ती काढता येईना आन् आत जाईना, आन् ती बाई मान खाली घालून सरकवायली आन् म्हणायली — "बायकोच्या अंगावर सोनं चढवत आसंल आमच्या पैशानं." माझ्याच हातात बांगडी चढवता चढवता. तिला काय माहीत मी कोण. मी काय म्हणायचं होतं? मीच ती बायको, हे बघ, काचेच्या भरायला आलेय तुझ्याकडं? उजवा हात भरून झाला, तिनं डावा मागितला, मी दिला नाही. उठले. दोन्ही हातांचे पैसे ठेवले आन् निघाले. ती मागनं हाक मारायली, बाई, एक हात ऱ्हायला, असा अर्धा हात ठेवून सवाष्णीनं जाऊ न्हाय. म्हणून ह्या अशा आहेत. उतरवायच्या पण नाहीत मला. राहू द्या, दिसू द्या.

आता नऊचं काय ते बोलू. नऊ हजार घेतले तुम्ही त्या बाईकडनं भुलीचे म्हणून. आम्हाला किती आले? तीन. मला कागद काढायची गरज नाही, तुमच्याकडचं सगळं माझ्या तोंडपाठ आहे. अपेंडिक्सला तीन, हर्नियाला तीन, गर्भपिशवीला चार, आन् ते पण कधी? दर सोमवारी मी फोन करणार — वहिनी, कशा आहात, मुलं कशी आहेत, चटणी पाठवली होती ती मिळाली का — आन् मग हळूच, ते मागच्या महिन्याचं. पेशंटनं अजून दिले नाहीत. सरकारी योजनेचे आले नाहीत. भाऊजी बाहेरगावी आहेत, सही राहिली. बरं वहिनी, काही घाई नाही. असं म्हणत आले मी. कारण आमच्या धंद्यात घाई दाखवली की केस दुसऱ्याकडं जाते. ना आमचा दवाखाना, ना पाटी, ना काउंटर. दुसऱ्याच्या चुलीवर भाकरी भाजायची, मग चुलीच्या मालकिणीशी गोड बोलावंच लागतं. ते मी केलं. उशिराचं मला काही वाटलं नाही कधी. कमीचं पण नाही. पण तुम्ही आमचे तीन देऊन आमच्या नावावर नऊ घेता, आन् वरनं त्या बाईला सांगता की तो ऐकत नाही — वहिनी, कोण ऐकत नाही? मोठ्या आवाजात बोललेला माणूस आहे का तो? तुमच्याकडं जेवायला आले तर भाजीत मीठ नाही हे सुद्धा सांगत नाहीत.

तुमचं बिल मोठं दिसू नये म्हणून. आणखी कशासाठी असणार. ऑपरेशनची फी कमी दाखवायची, गावात नाव व्हायचं की रणधीर डॉक्टर गरिबाचा आहे, आन् राहिलेलं सगळं भुलीवर टाकायचं, कारण भूलवाल्याला कोण विचारतंय. पेशंट झोपलेला. नातेवाईक बाहेर. हिरवा गाऊन घातलेला एक माणूस आत जातो आन् बाहेर येतो, तो कम्पाउंडर आहे का डॉक्टर हे सुद्धा लोकांना कळत नाही. लग्नात जातो आम्ही, बघितलंय तुम्ही — भाऊजी आले की लोक उठतात, पाया पडतात, माझं पोट तुम्हीच शिवलं म्हणून शर्ट वर करून दाखवतात. हे बाजूला उभे, ताट हातात घेऊन. त्याच माणसाच्या उशाशी दोन तास बसलेले असतात हे. मी म्हणते सांगा की त्याला, मी पण होतो. तर हसतात. "जाऊ दे ग, मला कोण ओळखतंय." नेहमीचं वाक्य आहे ते. हॉटेलात, बसस्टँडवर, कुठंही. मला कोण ओळखतंय.

आन् वाईट झालं की मात्र बरोबर ओळखतात. चाकूनं गेला असं कधी ऐकलंय का वहिनी? भुलीतनं उठला नाही, असंच म्हणतात. भाऊजी टाके घालून हात धुऊन चहाला येतात, हे तिथंच बसलेले, पेशंट डोळे उघडून स्वतःचं नाव सांगेपर्यंत. तुमच्या थिएटरला चांगला मॉनिटर नव्हता इतकी वर्षं, तर आमचा गाडीत घालून न्यायचे, खड्ड्यात आदळू नये म्हणून मागच्या सीटवर उशी ठेवून. आता तुम्ही नवा घेतलाय म्हणे, सोलापूरहनं मागवला. चांगली गोष्ट आहे. कशाच्या पैशातनं घेतला ते मी विचारत नाही.

आमचं घराणं व्यापाऱ्याचं आहे हो. आमचे मामंजी महालिंगप्पा, उमरग्याला त्यांचं भुसार दुकान होतं, आता नाहीत ते. सीमेवरचं गाव, अर्धी गिऱ्हाइकं कन्नड बोलणारी, अर्धी मराठी. मामंजी सकाळी उठून पूजा करायचे, कपाळाला भस्म लावायचे आन् दुकानाच्या दारात पाटी ठेवायचे. खडूनं लिहिलेली. ज्वारी काय भाव, तूर काय भाव, हरभरा काय भाव, दोन्ही भाषांत. कुणी यावं, वाचावं. म्हणायचे, भाव पाटीवर असला की भांडण दारात येत नाही. त्या माणसाच्या पोरावर आज येरमाळ्याच्या बाजारात बाया हावरा म्हणून बोलायल्यात. मला पैशाचं काही नाही वहिनी, देवानं पोटापुरतं दिलंय. पण नाव गेलं ह्यांचं. जिल्हाभर गेलं. आन् ह्यांना पत्ता नाही. ह्यांना यातलं काहीच माहीत नाही, गाईसारखा माणूस आहे, लोहाऱ्याच्या स्टँडवर कॉलर धरली तरी सुद्धा —

काही नाही.

नाही, काही नाही म्हणलं ना. बरं, आता निघालंच आहे तोंडातनं तर ऐका. मला सांगायचं नव्हतं, शपथ घेतल्यासारखी गप्प बसलेय मी. दिवाळीच्या आधीची गोष्ट. हे लोहाऱ्याहनं येताना स्टँडसमोर चहाला थांबले. तिथं एक माणूस आला, महारुद्र त्याचं नाव, त्याच्या बापाचं हर्नियाचं ऑपरेशन तुमच्याकडं झालं होतं. त्यानं ह्यांना ओळखलं नाही, त्यानं गाडी ओळखली. कशी ओळखली असेल? तुमच्याच काउंटरच्या खिडकीतनं कुणीतरी बोट दाखवलं होतं त्याला — ती बघ, भुलीच्या डॉक्टरची गाडी, त्यालाच विचार. आला आन् कॉलर धरली. भर स्टँडवर, जीपवाले बघायलेत, माझी मावसबहीण उमादेवी तिथंच राहती, तिच्या सासऱ्यांनी बघितलं. म्हणला, माझ्या म्हाताऱ्याला अर्धा तास झोपवायचे नऊ हजार घेतोस, लाज वाटती का. आन् ह्यांनी काय केलं? म्हणले का, की बाबा मला तीनच मिळतात, जाऊन रणधीर डॉक्टरला विचार? नाही. शर्टाचं बटन तुटलं ते खाली वाकून उचललं, खिशात टाकलं, आन् मोबाईल काढून त्या माणसाला तिथंच सहा हजार पाठवले. माझ्या फोनवर मेसेज आला ना, खातं मीच बघते. महारुद्र कोण म्हणून विचारलं तर म्हणले वर्गणी दिली, मंदिराची. उमादेवीचा फोन आला तेव्हा मला खरं कळलं.

म्हणजे माहीत आहे ह्यांना. मघाशी माहीत नाही म्हणले ना मी — माहीत आहे. नऊ लावतात हे पण माहीत आहे. नाहीतर सहाच कसे दिले? बरोबर जेवढे आपले नव्हते तेवढेच परत केले. तुमच्या नवऱ्याची अब्रू झाकायला स्वतःच्या खिशातनं दिले, आन् घरी येऊन मला मंदिराची वर्गणी सांगितली. तेव्हापासनं बघते मी, गाडी आणून लावतात आन् उतरत नाहीत. इंजिन बंद करून आत बसून राहतात. मी दार उघडून उभी, तरी बसलेले. विचारलं तर म्हणतात, गाणं लागलं होतं. गाडीतला रेडिओ बंद पडून दोन वर्षं झाली. आन् हल्ली लोहाऱ्याला गेले तरी स्टँडवर थांबत नाहीत, तेरला तर जातच नाहीत, तिथनं केस आली तर दुसऱ्याचं नाव सांगतात. बाजारात जात नाहीत, भाजी मी आणते. पन्नाशीचा माणूस आहे वहिनी, चोरासारखा गल्लीगल्लीनं गाडी काढतो स्वतःच्या गावात. आन् तुम्ही शाल घेऊन आलात.

रडायचं नाही मला. मला राग आलाय, रडू नाही. राग येऊ नये तर काय यावं? मुरवत किती धरायची माणसानं? व्हय, भाऊजींनी ह्यांना पहिलं काम दिलं, ते मी विसरले नाही. नवीन आलो होतो आम्ही, इथं कोण विचारत नव्हतं, सोलापूरहनं तो दुसरा यायचा, जुना, स्वस्तातला, सगळ्या दवाखान्यांत त्याचंच चालायचं. भाऊजींनी त्याला सोडलं आन् ह्यांना धरलं. उपकार आहेत. पण उपकाराची फेड किती वर्षं करायची? आन् कशानं? पैशानं केली असती, एक वेळ फुकट भूल दिली असती. नावानं का करायची?

तर आता माझं म्हणणं ऐका, दोनच वाक्यं आहेत. शाल नको. नारळ नको. तुमच्या नव्या थिएटरच्या बाहेर, काउंटरच्या वर, जिथं पैसे भरायला लोक उभे राहतात तिथं एक बोर्ड लावा. भुलीची फी, अमुक ऑपरेशनला इतकी, डॉक्टर नंदीश. मराठीत, मोठ्या अक्षरात. बास. मामंजींच्या पाटीसारखा. तुमच्या ऑपरेशनचे तुम्ही वीस घ्या, चाळीस घ्या, माझं काही नाही, तुमच्या नावावर घ्या. बोर्ड लागला की हे येतील. तोवर तुमच्या थिएटरात पाऊल ठेवणार नाहीत. मी सांगते ना. ह्यांना मी बघते. बोलावा त्या सोलापूरवाल्याला, अजून जिवंत असला तर.

काय हो? पत्रिकेचा कोपरा काय दुमडायलात? खोटं असलं तर खोटं म्हणा. ती बांगडीवाली खोटं बोलली म्हणा. मी ऐकून घेईन.

फोन वाजायलाय तुमचा. घ्या. घ्या हो, काउंटरवरनं असेल.

काय झालं? कोण? तेरचा म्हातारा… आतड्याला पीळ. पोट फुगलंय. किती वेळ झाला त्याला? मग एवढा वेळ गावात कशाला ठेवला होता त्यांनी. भाऊजी तयार आहेत, हो, ते तयारच असणार. आन् आमचे… माझ्याकडं असं बघू नका वहिनी. मी आत्ताच काय बोलले ते मला आठवतंय. तोंडातला शब्द अजून वाळला नाही. आता तुम्ही म्हणणार, पेशंट आहे, माणूस मरायला टेकलाय, हे बोर्डाचं नंतर बघू. दर वेळी एक पेशंट असतोच ना मध्ये. ह्या धंद्यात कधी बोलायचं मग माणसानं? कुणीच आजारी नसेल त्या दिवशी?

आत वाजायलाय. ह्यांचा पण वाजायलाय, भाऊजींनीच लावला असेल.

ऐका. उठले. कपाटाचं दार. बॅग. बघा आता, येतील बाहेर आन् तुम्हाला नमस्कार करतील, वहिनी कधी आलात म्हणून विचारतील. मी अडवणार नाही. अडवीन असं वाटलं का तुम्हाला? म्हातारा कुणाचा तरी बाप आहे. बोलायचं म्हणून बोलले मी, पोटातलं. सोळा वर्षं झाली, एकदा सुद्धा अडवलं नाही, आज काय अडवणार.

आले कसे नाहीत? चपला तर इथं पुढच्या दारात… थांबा. गाडी सुरू झाली. मागनं. मागच्या दारानं गेले बघा. घरातली स्लीपर घालूनच गेले. म्हणजे जागे होते, ऐकत होते सगळं. आपण दोघी इथं पुढं बसलोय म्हणून मागनं गेले, तुमच्यासमोर यायची लाज वाटली. मी एवढं बोलले म्हणून. तसाच आहे तो माणूस, बायकोनं बाजू घेतली तरी लाज वाटती.

बरं. गेले. आता तरी बोला. आता तुमची काही अडचण राहिली नाही, भूल मिळंल, म्हातारा वाचेल, देव करो. आता मी काही अडवून धरलेलं नाही. फोन हातातच आहे तुमच्या. लावा काउंटरला. त्या म्हाताऱ्याची माणसं तिथंच उभी असतील पैसे भरायला. त्यांना सांगा, भुलीचे एवढे, जेवढे तुम्ही आम्हाला देता तेवढे, आन् बाकीचे रणधीर डॉक्टरांचे. एक वाक्य आहे. बोर्ड मग लावा, पाडव्याला लावा, आज हे एक वाक्य म्हणा माझ्यासमोर. म्हणा की. एवढं कशाला भ्यायलात?

काय?

नाही, ऐकू आलं नाही, मोठ्यानं बोला. कुणी सांगितलं होतं? ह्यांनी?

खोटं बोलू नका वहिनी. देवीच्या गावाला जाऊन आलेय मी, माझ्यासमोर खोटं… कधी? पहिल्याच वर्षी. कुठं, तुमच्या घरी? जेवताना. मी होते? मी आत पोळ्या लाटायला होते, तुम्ही बाहेर वाढायला, व्हय. भाऊजी म्हणले बिल मोठं दिसतंय, लोक सोलापूरला जायलेत. आन् तो दुसरा भूलवाला कमी घेतो. आन् मग हे… शब्द सांगा. नाही, तसं नाही, जसे म्हणले तसेच्या तसे सांगा मला.

"माझ्या नावावर टाका. मला कोण ओळखतंय."

असं म्हणले.

हसून म्हणले का? नको, सांगू नका. हसूनच म्हणले असतील. हे वाक्य दुसरं कुणी रचून सांगू शकत नाही, हे त्यांचंच आहे. त्या एका वाक्यापायी काम मिळालं आम्हाला. हे घर त्याच्यावर झालं, हा सोफा. आन् मी सोमवार-सोमवार गोड बोलायचे, मला वाटायचं माझ्या गोड बोलण्यानं केसा यायल्यात. सोळा वर्षं मी हिशेब सांभाळते म्हणून सांगत फिरते गावाला.

म्हणून सहा दिले. तुमच्या नवऱ्याची अब्रू झाकायला नाही दिले. कुणाची झाकली मग… आन् रेडिओ नसलेल्या गाडीत बसतात ते…

नाही, पाणी नको मला. तुमचा दोष नाही असं म्हणत नाही मी, तुमचा आहेच. त्यांनी टाका म्हणलं आन् तुम्ही टाकलं, तीनाचे नऊ करायला काही त्यांनी सांगितलं नसेल. का सांगितलं होतं? असू द्या. आज आणखी काही ऐकायचं नाही मला. तुम्ही उठा आता.

थांबा, कुंकू लावल्याशिवाय जाऊ नका. आमच्यात सवाष्ण दारातनं तशी जात नाही, राग असला तरी. करंडा इथंच आहे. मान वर करा जरा. बांगड्या वाजायल्यात नुसत्या. झालं. पत्रिका राहू द्या तिथंच. काळजी करू नका, हे येतील. शाल घ्यायला हे नक्की येतील, बोर्ड असो का नसो.

जावा, दवाखान्यात तुमची वाट बघत असतील. इकडनं, इकडनं — पुढच्या दारानं. मागचं उघडंच राहिलंय वाटतं, ते मी लावून घेते.